पाच मीटरची हातस्प्रिंग : तुंबलेल्या मोरीवर चौदा महिने

तुंबलेले सिंक किंवा न्हाणी घरच्या घरी मोकळी करण्यासाठी हाताने फिरवायची जी तारेची स्प्रिंग बाजारात मिळते, तिच्याविषयीचा हा अभिप्राय आहे. गेल्या वर्षी भाद्रपदात मी ती नागपुरातल्या इतवारीतील लोहा ओळीतून, म्हणजे लोखंडी सामानाच्या बाजारातून, ८५० रुपयांना आणली. नऊ मिलिमीटर जाडीची, पाच मीटर लांबीची ही स्प्रिंग प्लास्टिकच्या गोल डब्यात गुंडाळलेली असते. डब्याला मागे एक दांडा, पुढे तार बाहेर येण्यासाठी तोंड आणि त्या तोंडावर तार घट्ट धरणारा एक स्क्रू, एवढाच तिचा कारभार. डब्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. चौदा महिन्यांत ती अकरा वेळा वापरली गेली आणि त्याची नोंद मी स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर ठेवली आहे : सात वेळा काम पूर्ण झाले, दोन वेळा अर्धवट झाले आणि दोन वेळा मुळीच झाले नाही. या न जमलेल्या चार वेळांत दोष स्प्रिंगचा किती आणि ती चुकीच्या ठिकाणी घालणाऱ्या माझा किती, हे सांगितल्याशिवाय अभिप्राय पुरा होणार नाही.

आमचे घर मानेवाडा रस्त्याच्या बाजूला, नागपूर सुधार प्रन्यासच्या एका जुन्या ले-आऊटमध्ये आहे आणि ते १९८९ मध्ये बांधलेले आहे. स्वयंपाकघरातील सिंकची ५० मिलिमीटरची (दोन इंची) नळी भिंतीतून बाहेर पडते, दोन ठिकाणी काटकोनात वळते आणि मागच्या अंगणातील गली ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखाली वाकणात पाणी धरून ठेवणाऱ्या खड्ड्यात, उतरते; तिथून पाणी चेंबरमध्ये, चेंबरातून ११० मिलिमीटरच्या (चार इंची) नळीने घराच्या कडेकडेने गेटजवळच्या शेवटच्या चेंबरमध्ये आणि मग रस्त्याच्या गडरलाईनमध्ये, म्हणजे गटाराच्या मुख्य नळीत, जाते. सांडपाण्याच्या अशा नळीला दर मीटरला साधारण अडीच सेंटिमीटर उतार असावा लागतो. आमच्या नळीला तो त्याहून कमी आहे, कारण मध्यंतरी स्वयंपाकघराची फरशी बदलताना मिस्त्रीने नळी थोडी उचलून घेतली होती आणि त्या वेळी आम्हा दोघांचेही लक्ष फरशीच्या रंगाकडे होते.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी हे सिंक तुंबले. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात त्यांना त्या दिवसाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, वडे, ज्वारीची आंबील आणि पन्नास पानांची उठाठेव. दुपारी तीनच्या सुमारास दुसरी पंगत उठली तेव्हा आंबिलीचे पातेले धुतलेले पाणी सिंकमध्ये आले आणि तिथेच थांबले. ज्वारीचे पीठ, बेसन, तूप आणि भाताची शिते एकाच नळीत एकापाठोपाठ गेल्यावर दुसरे काही होण्यासारखे नव्हतेच. जावेने रबरी पंप मारून पाहिला. पाणी क्षणभर खाली गेले आणि पुरणाच्या कटाचा तवंग घेऊन पुन्हा वर आले.

ओळखीतून एक प्लंबर मिळाला. त्याने आल्याबरोबर नळी कुठून कुठे जाते हे न विचारता पिशवीतून मोरी मोकळी करण्याच्या पावडरच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या, तीन पुड्या काढल्या. “काकू, काही टेन्शन नका घेऊ. पावडर टाकून देतो, पाच मिनिटांत लाईन खुलून जाते,” असे म्हणून त्याने त्या साचलेल्या पाण्यातच रिकाम्या केल्या. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. सिंकची कड हाताला गरम लागू लागली, उग्र वाफ येऊ लागली, पण पाण्याची पातळी बोटभरही उतरली नाही. मग त्याने सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारा बाटलीसारखा भाग, उघडायला घेतला आणि खाली पाणी पडू नये म्हणून हाताशी असलेले ॲल्युमिनियमचे जुने पातेले ठेवले. ट्रॅपमधील पाणी त्या पातेल्यात पडले आणि काही क्षणांत त्यात सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे फुटू लागले. पातेल्याचा तळ डोळ्यांदेखत काळवंडला. मी तेहेतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ॲल्युमिनियमचा तुकडा टाकून बाहेर येणाऱ्या हायड्रोजनला काडी लावून दाखवण्याचा प्रयोग मी कितीतरी वर्गांसमोर केला होता, परंतु तो माझ्याच स्वयंपाकघरात, चार हातांवर पेटलेल्या शेगडीसह होईल असे वाटले नव्हते. शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, पातेले अंगणात नेऊन ठेवले. त्यानंतर प्लंबरने “आता थोडं ॲसिड मारून पाहू” असे सुचवले तेव्हा त्याचे पैसे देऊन मी त्याला निरोप दिला. कॉस्टिक भरलेल्या नळीत ॲसिड ओतले तर दोन्हींची गाठ पडते तिथे एवढी उष्णता निर्माण होते की पाणी उकळून वर उसळते आणि ते ओतणाऱ्याच्याच तोंडावर येते.

पावडरवर सरसकट दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. कॉस्टिक सोडा तुपातेलाचे साबणात रूपांतर करतो आणि साबण पाण्याबरोबर वाहून जातो, हे खरेच आहे. नळी नुकतीच संथ होऊ लागली असेल आणि पाणी थोडे थोडे का होईना पुढे जात असेल, तर पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात, हातमोजे घालून टाकलेली पावडर उपयोगी पडते. परंतु नळी पूर्ण बंद असताना पावडर अडथळ्यापर्यंत पोहोचतच नाही. ती वरच्या पाण्यात विरते किंवा तळाशी बसते, आणि पाणी अपुरे असेल तर तिचा तिथेच दगडासारखा गोळा होतो. आमच्याकडे भांड्यांना बोअरचे जड पाणी असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते : तयार झालेल्या साबणाचा पाण्यातील कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा पांढरट चिकटा बनतो आणि नळीच्या आतल्या अंगाला थर धरतो. कपडे धुताना बादलीच्या कडेला जी साय जमते, तीच ही.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचे विसर्जन आटोपून, भांडी अंगणातील नळावर घासण्याची व्यवस्था करून मी इतवारीत गेले. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण त्या ओळीत अशी सामग्री ठेवणारी इतरही दुकाने आहेत आणि त्यातील एकाचीच जाहिरात करावी असे काही नाही. मात्र तिथल्या वयस्क मालकांनी स्प्रिंग दाखवण्याआधी जे तीन प्रश्न विचारले, ते प्लंबरने विचारले असते तर आदला दिवस वाचला असता. “ताई, पाईप किती इंची आहे? ट्रॅप बॉटलचा की साधा? आणि सिंकपासून चेंबर किती दूर आहे?” तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, म्हणून त्यांनी मला घरी फोन करून अंतर मोजून घ्यायला लावले. ते सव्वाचार मीटर निघाले. त्यावर त्यांनी दहा मीटरची महाग स्प्रिंग परत फळीवर ठेवली आणि पाच मीटरची पुढे केली. सहा मिलिमीटरची पातळ स्प्रिंग वॉश बेसिनच्या दीड इंची नळीला ठीक, दोन इंचीला नऊची, आणि तीन-चार इंचीला हाताची स्प्रिंग घेऊच नका, तिथे मोटरची मशीन लागते, असा त्यांचा हिशेब होता. पुढील वर्षभरात त्याचा शब्दन् शब्द खरा ठरला. चार इंचीबद्दलचा सल्ला मी मानला नाही आणि त्याचे फळही मला मिळाले, ते पुढे येईलच.

स्प्रिंग हातात घेण्यापूर्वी अडथळा कुठे आहे हे शोधावे लागते आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. मागे जाऊन गली ट्रॅपवरील जाळी उचलावी आणि घरातील कोणाला तरी सिंकमध्ये बादलीभर पाणी ओतायला सांगावे. सिंक भरलेले आणि गली ट्रॅपमध्ये पाण्याचा थेंबही पडत नाही, असे असेल तर अडथळा त्या दोहोंमधल्या नळीत आहे आणि तो स्प्रिंगच्या टप्प्यातला आहे. गली ट्रॅपच काठोकाठ भरला असेल तर पुढचे चेंबर उघडून पाहावे. चेंबर रिकामे असेल तर गली ट्रॅपचे वाकण तुंबले आहे, आणि ते बहुधा हातमोजा घालून, गाळ उपसूनच साफ होते. चेंबरही भरलेले असेल तर सिंकशी झटापट करण्यात अर्थ नाही. आणि घरातील एकच मोरी तुंबली आहे की सगळ्याच एकदम, हे तर चेंबर न उघडताही कळते. सगळ्या एकदम तुंबल्या असतील, किंवा वरच्या मजल्यावर बादली ओतल्यावर खालच्या न्हाणीतून गुडगुड आवाज येऊन पाणी वर येत असेल, तर दोष बाहेरच्या नळीत आहे.

आमच्या बाबतीत गली ट्रॅपमध्ये पाणी पडत नव्हते. बॉटल ट्रॅप आणि सुरकुत्यांचा वेस्ट पाईप काढून ठेवला, कारण त्या दोहोंतून स्प्रिंग घालण्याचा प्रयत्न केला तर ती आतच अडकते किंवा पातळ प्लास्टिक फाडते. सकाळपर्यंत कॉस्टिक निवळले असेल असे गृहीत न धरता मी रबरी हातमोजे आणि शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून मिळालेला चष्मा घातला. त्या चष्म्याचा आठवणीखेरीज काही उपयोग होईल असे तेव्हा कोणालाच वाटले नव्हते. भिंतीतील नळीच्या तोंडातून तार हाताने सरकवली, ती थांबली तिथे डब्याचे तोंड नळीपासून वीतभर अंतरावर आणले, स्क्रू आवळला आणि दांडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायला सुरुवात केली. दिशा महत्त्वाची आहे. उलटे फिरवल्यास स्प्रिंगचे वेढे सैल होऊन ती नळीत उसवते. वीतभर तार आत गेली की स्क्रू ढिला करायचा, डबा मागे घ्यायचा, पुन्हा आवळायचा आणि पुन्हा फिरवायचे. कामाची रीत एवढीच आहे, पण पहिल्या वेळी मला पाऊण तास लागला.

या पाऊण तासात हाताला जे शिकायला मिळाले ते डब्यावरील चित्रात नाही. नळीच्या वळणाशी स्प्रिंग थांबते तेव्हा दांड्याला टणक धक्का बसतो, आणि दोन-तीन फेरे दिल्यावर टोक वळण घेऊन एकदम मोकळे सुटते. अडथळ्याशी थांबते तेव्हा असा धक्का बसत नाही. दांडा जड होत जातो, तारेत पीळ भरत जातो, आणि हात सैल सोडला तर दांडा आपोआप दीड फेरा उलटा येतो. हा पीळ जाणवला की जोर वाढवायचा नाही. तिथेच दहा-बारा सावकाश फेरे द्यायचे, म्हणजे तारेच्या टोकाचे आकड्यासारखे वेटोळे त्या गोळ्यात शिरते, आणि मग पुढे ढकलण्याऐवजी फिरवत फिरवतच मागे ओढायचे. मी पहिल्यांदा ओढली तेव्हा टोकाबरोबर मुठीएवढा गोळा आला : बाहेरून पिवळसर पांढरा, आतून हळदीच्या रंगाचा, बोटांत चुरडला तर मेणासारखा, आणि त्यात भाताची शिते जशीच्या तशी. तिसऱ्या खेपेनंतर मागच्या अंगणातून जावेची हाक आली की गली ट्रॅपमध्ये पाणी पडले. त्यानंतर दोन बादल्या पाणी जोराने ओतले. निघालेला गोळा पुन्हा मोरीत न टाकता कचऱ्यात टाकायचा असतो हे सांगायला नको, तरी सांगते, कारण आमच्याच घरात तो मोरीत टाकायला निघालेले एक गृहस्थ होते.

न्हाणीघरात ही स्प्रिंग सर्वांत चांगली चालते. तिथे तूप नसते, केस असतात. आणि केसांसाठी तारेच्या आकड्याइतके समर्पक साधन दुसरे नाही. आमच्या घरात लांब केसांच्या तीन बायका आहेत. वर्षभरात चार वेळा खालच्या-वरच्या न्हाणीत स्प्रिंग घातली आणि चारही वेळा पाच-दहा मिनिटांत काम झाले. प्रत्येक वेळी केसांच्या दोरात शाम्पूच्या पुड्यांचे फाडलेले कोपरे गुंतलेले निघाले. एका खेपेस मी ते मोजले, तर सव्वीस भरले. दाताने पुडीचा कोपरा फाडून तो तिथेच टाकण्याची सवय घरात कोणाची आहे याचा तपास लागला नाही. एक दक्षता मात्र घ्यावी लागते. न्हाणीत जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्याला सगळ्या देशातील प्लंबर ‘नहानी ट्रॅप’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या न्हाणीचाच आहे. त्यात सुमारे दोन इंच पाणी कायम साठून राहते, आणि गडरलाईनमधला वास व झुरळे त्या पाण्यामुळेच घरात येत नाहीत. पुष्कळ ट्रॅपमध्ये एक सुटा कप असतो. तो उचलल्याशिवाय स्प्रिंग आत जात नाही, आणि काम झाल्यावर परत बसवायला विसरले तर संध्याकाळपर्यंत घरभर त्याची आठवण होते. मी एकदा विसरले आहे.

वॉश बेसिनला एकदा आणि शेजारच्या वहिनींच्या सिंकला एकदा वापरली, दोन्ही वेळा यश आले. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही.

आता अर्धवट राहिलेल्या दोन वेळा. दोन्ही हिवाळ्यातल्या आहेत आणि दोन्ही स्वयंपाकघरातल्या. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचे रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, आणि दिवसा पातळ असलेले साजूक तूप व वनस्पती तूप रात्री नळीत थिजतात. शिवाय त्याच दिवसांत आमच्याकडे सावजी पद्धतीचे मटण आणि पाटवडी रस्सा यांचे प्रमाण वाढते, आणि तर्री जितकी जिभेला प्रिय तितकीच मोरीला जड. तेल स्वतः थिजत नसले तरी बेसन, वाटलेला मसाला आणि साबणाचा चिकटा यांना धरून ठेवण्याचे काम ते चोख करते. अशा वेळी नळीत एका जागी गोळा नसतो, तर सबंध लांबीभर थर असतो. स्प्रिंग त्यातून बोटभर भोक पाडून आरपार जाते, पाणी वाहू लागते, आपण समाधानाने हात धुतो आणि आठ-दहा दिवसांत पाणी पुन्हा संथ होते. स्प्रिंगला टोकाशी लावायचे ब्रशसारखे डोके वेगळे मिळते, ते या डब्याबरोबर येत नाही. अशा थरावर मला जे लागू पडले ते असे : स्प्रिंगने वाट करून घ्यायची, मग हाताला सोसेल इतपतच गरम पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण घालून, एकाच वेळी दोन बादल्या सोडायचे, आणि हे तीन दिवस लागोपाठ करायचे. खळखळते उकळते पाणी ओतू नये. पीव्हीसीची नळी उष्णतेने मऊ पडते, सांधे सैल होतात, आणि आधीच कमी उतार असलेली नळी मध्ये झोळ धरते.

मुळीच न जमलेल्या दोन वेळा म्हणजे गेटजवळच्या चार इंची नळीवरील माझा हट्ट होय. मोठ्या नळीत नऊ मिलिमीटरची तार सरळ पुढे जाण्याऐवजी आतच दुमडते. दुसऱ्या वेळी ती दुमडून अशी अडकली की काढताना टोकापासून हातभर अंतरावर तिला कायमचा बाक आला, आणि तो अजून आहे. हीच तार कमोडमध्येही घालू नये. तिने चिनी मातीवर काळे ओरखडे पडतात आणि ते घासून जात नाहीत. हा अनुभव वहिनींच्या घरचा आहे, त्यांनी माझी स्प्रिंग मागून नेली होती.

त्या चार इंची नळीसाठी शेवटी मोटरची मशीन असलेल्या एका खासगी सेवेला बोलावले. दोन माणसे आली, जाड तारेचे तुकडे एकमेकांना जोडत त्यांनी चेंबरातून ती आत सोडली आणि वीस मिनिटांत मुळांचा एक झुबका बाहेर काढला. कुंपणाच्या भिंतीत उगवलेला पिंपळ आम्ही दर पावसाळ्यात वरून छाटत होतो. तो खाली नळीच्या सांध्यातून आत पाणी पीत बसला होता. त्यांनी १,८०० रुपये घेतले आणि ते मला रास्त वाटले. अशा सेवेला बोलावताना फोनवरच विचारून घ्यावे की दर नळीच्या लांबीवर आहे की कामावर, आणि काम न झाल्यास किती द्यायचे. मला या दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, म्हणून मी त्यांना बोलावले. त्याआधी ज्या दोघांना फोन केला होता ते “पाहून सांगू” याच्या पुढे जायला तयार नव्हते.

याच संदर्भात बेसा भागात राहणाऱ्या माझ्या भावाकडे घडलेली एक गोष्ट लिहिणे आवश्यक वाटते. तिथे सेप्टिक टँक आहे. तो तुंबल्यावर आलेल्या माणसाने झाकण उघडून, शर्ट काढून, दोरी कमरेला बांधून आत उतरण्याची तयारी केली आणि त्यासाठी पाचशे रुपये जास्त मागितले. भावाने त्याला उतरू दिले नाही आणि उपसा करणारी टँकरची गाडी बोलावली. टँकमध्ये साठलेला हायड्रोजन सल्फाइड माणसाला हाक मारण्याचीही सवड देत नाही, आणि जास्त प्रमाणात तो नाकाची शुद्धच घालवतो, त्यामुळे वास येत नाही म्हणजे वायू नाही असे समजता येत नाही. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि असे काम सांगणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. अशा मृत्यूनंतर द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. कोणी स्वस्तात उतरायला तयार आहे, म्हणून आपण त्याला उतरवावे असे होत नाही.

रस्त्यावरची गडरलाईनच भरली असेल तर स्प्रिंग, मशीन, पावडर यांपैकी कशाचाच उपयोग नाही. पावसाचे पाणी आणि सांडपाणी एकाच वाटेने जाऊ लागले की ते सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे तळमजल्याच्या न्हाणीतून, घरात परत येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरल्यापासून आमच्या ले-आऊटमध्येही या विषयाची चर्चा पावसाळ्याच्या तोंडावर होतेच. ज्यांच्या घराची जमीन रस्त्याच्या पातळीला किंवा खाली आहे त्यांनी शेवटच्या चेंबरमध्ये पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसवून घ्यावी आणि रस्त्यावरच्या लाईनसाठी महानगरपालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. गेटजवळच्या चेंबरपर्यंतची नळी आपली आहे; तिच्यासाठी तक्रार करून काही होत नाही.

वस्तूच्या घडणीविषयी थोडे. तार चांगली आहे. माझ्या हट्टामुळे आलेला बाक सोडला तर तिचे वेढे अजून एकसारखे आहेत. डबा मात्र सामान्य आहे. त्याच्या तळाला पाणी निथळण्यासाठी भोक नाही, त्यामुळे तार गुंडाळताना आलेले काळे पाणी आतच राहते आणि पुढच्या वेळी डबा उचलला की कोपरापर्यंत ओघळते. मी तापवलेल्या खिळ्याने तीन भोके पाडली, त्यानंतर हा त्रास संपला. वापर झाल्यावर तार पूर्ण बाहेर काढून, धुऊन, उन्हात वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचे फडके तिच्यावरून फिरवावे लागते. पहिल्या पावसाळ्यात मी हे केले नाही आणि तारेवर गंज चढला, जो न्हाणीच्या पांढऱ्या फरशीवर ठिपक्या-ठिपक्यांनी उतरला. दांड्याचे प्लास्टिक हाताला टोचते, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आहे. सगळ्यांत कच्चा भाग म्हणजे तोंडावरचा स्क्रू. दोन बोटांनी आवळायचा हा स्क्रू प्लास्टिकच्या आट्यांत बसतो, आणि आठव्या-नवव्या वापरानंतर त्या आट्या झिजून तो फिरतच राहतो. मग तार डब्यात घसरते आणि दांडा फिरवूनही टोक फिरत नाही.

त्या स्क्रूसाठी मी पुन्हा लोहा ओळीत गेले. मालकांनी डबा हातात घेतला, मी पाडलेली भोके पाहिली, ट्यूब पाहिली आणि गल्ल्याखालच्या बरणीतून पितळी स्क्रू व त्याच्या मापाची चकती काढून दिली. दोन्हींचे मिळून वीस रुपये झाले. नवीन स्प्रिंग घेणाऱ्याने ही दोन्ही पहिल्याच दिवशी मागून घ्यावीत. ती बरणी बाहेरून दिसत नाही.